विलीनीकरण आणि उचंत खाते

निवडणुकीचा निकाल लागला आणि छोट्या पक्षांची वाताहत झाली, की आठ दिवसांच्या आत एक मागणी हमखास पुढे येते. समविचारी पक्षांनी आता तरी शहाणे व्हावे, आपापली दुकाने बंद करावीत, एक झेंडा आणि एक चिन्ह घ्यावे. मागणी करणारी माणसे बहुधा भली असतात. निवृत्त प्राध्यापक, वकील, पदरमोड करून साप्ताहिक चालवणारा एखादा जुना कार्यकर्ता. ते टक्केवारी मांडतात. याची चार टक्के, त्याची तीन, तिसऱ्याची दोन, बेरीज नऊ. मग बैठक ठरते, समन्वय समिती नेमली जाते आणि सहा महिन्यांनी त्या समितीतच दोन गट पडल्याची बातमी आतल्या पानावर येते. नांदेड-लातूरच्या टापूत हे नाटक मी गेली पंचेचाळीस वर्षे पाहतो आहे. पात्रे बदलतात, संहिता तीच.

विलीनीकरणाचा प्रस्ताव फिसकटला की आपण एका शब्दात निकाल देऊन मोकळे होतो : अहंकार. नेत्यांना आपली खुर्ची सोडवत नाही, म्हणून पक्ष एक होत नाहीत. यात खोटे काही नाही. पण हे निदान फार स्वस्त आहे. ताप आला की पित्त झाले म्हणणाऱ्या वैदूसारखे. खुर्चीचा मोह मोठ्या पक्षांतही असतो आणि तिथे तो अधिकच असतो, कारण तिथल्या खुर्चीला गादी असते. मग छोट्या पक्षांतच एकत्र येण्यावरून एवढी रक्ताळलेली भांडणे का होतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दिल्लीला जायचे कारण नाही. आपल्या दोन जिल्ह्यांच्या मातीत त्याचा पुरावा पडलेला आहे.

मार्च १९७७ ची लोकसभा निवडणूक आठवा. आणीबाणी पूर्णपणे उठायची होती, तुरुंगातून माणसे नुकतीच सुटत होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. मतदानाचे वय एकवीस असल्यामुळे मत द्यायचा अधिकार नव्हता, सभा ऐकायचा होता. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९ आणि शेतकरी कामगार पक्षाला ५ जागा मिळाल्या. मार्क्सवादी कम्युनिस्टांना ३ आणि रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाला १. शेकापच्या त्या पाचांपैकी तीन जागा मराठवाड्यातल्या होत्या. नांदेडहून भाई केशवराव धोंडगे, लातूरहून भाई उद्धवराव पाटील आणि परभणीहून शेषराव देशमुख. लातूर हा जिल्हाही तेव्हा झाला नव्हता, तो १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा निघाला.  पुढे ज्या मतदारसंघातून शिवराज पाटील १९८० पासून सलग सात वेळा निवडून गेले, त्याचा १९७७ चा खासदार लाल झेंड्याचा होता, हे आजच्या लातूरकर तरुणाला सांगितले तर तो आपली थट्टा चालली आहे असे समजेल.

शेकापने ही निवडणूक जनता पक्षाशी समझोता करून लढवली. पण तो जनता पक्षात विलीन झाला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. जयप्रकाशजींचा आग्रह विरोधकांनी एकच पक्ष करावा असा होता. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष या चौघांनी तो मानला. अकाली दल, मार्क्सवादी आणि शेकाप यांनी जागा वाटून घेतल्या, घर मात्र वेगळे ठेवले. घाई इतकी होती, की नव्या पक्षाला स्वतःचे चिन्हही नव्हते. बहुतेक उमेदवार लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर निवडून आले. म्हणून निवडणूक आयोगाच्या तक्त्यात ती निवडणूक जिंकणाऱ्याच्या नावापुढे अजूनही भारतीय लोकदल असे लिहिलेले दिसते. जनता पक्षाची रीतसर स्थापना झाली ती निवडणूक जिंकून, सरकार बनवून झाल्यावर, १ मे १९७७ रोजी. आधी लग्न, मग साखरपुडा.

शेकापने त्या मांडवात जावे की नाही? हा प्रश्न आमच्याकडे पारावर, वकिलांच्या खोलीत, एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात बोलला जात असे. एका बाजूचे म्हणणे असे, की देशात एवढी मोठी लाट आली आहे. पाच खासदारांचा पक्ष वेगळा राहून काय करणार? आत गेलो तर मंत्रिपद मिळेल, धोरणावर हात ठेवता येईल, शेतकऱ्याच्या मालाच्या भावाचा प्रश्न दिल्लीत मांडता येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे त्याहून साधे होते. आत गेलो तर तालुक्याच्या जागी आपण कोण? कंधारला, अहमदपूरला, औशाला ज्यांच्याशी तीस वर्षे भांडलो, ज्यांच्या वाड्यावरून आपल्या माणसांना हाकलून दिले गेले, त्यातले काहीजण उद्या जनता पक्षाचे तालुकाध्यक्ष होतील आणि आपण त्यांच्याकडे तिकीट मागायला जायचे?

या दुसऱ्या म्हणण्यात मला अहंकार दिसत नाही. तो हिशेब आहे. छोट्या पक्षाची खरी मालमत्ता कोणती असते? कार्यालय असते भाड्याचे, निधी नसतोच. मालमत्ता एवढीच, की अमक्या गावात अमका माणूस आपला आहे आणि गावाला ते ठाऊक आहे. तहसीलमध्ये रेशनकार्ड अडले, तलाठ्याने सातबाऱ्यावर भलताच फेर ओढला, सावकाराने बैल सोडून नेले, की कोणाकडे जायचे हे लोकांना ठाऊक असते. हे ठाऊक असणे म्हणजेच पक्ष. विलीनीकरणाच्या करारात या मालमत्तेचा उल्लेख कधी येत नाही. तिथे लिहिले जाते ते कार्यकारिणीत कोणाचे किती सदस्य, आणि सरचिटणीस दोन की तीन.

उलट ज्यांनी घर मोडले त्यांचे काय झाले हे समाजवाद्यांकडे पाहून कळते. या पंथाला विलीनीकरणाचे जणू व्रतच होते. १९५२ मध्ये कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी एकत्र येऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला. १९५५ मध्ये लोहिया बाहेर पडले. १९६४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला आणि वर्ष पुरे व्हायच्या आत, जानेवारी १९६५ मध्ये वाराणसीला तो फुटला. गंमत पाहा, पुण्यातले दोन जिवलग मित्र, एस. एम. जोशी आणि नानासाहेब गोरे, त्या फुटीनंतर समोरासमोरच्या दोन पक्षांचे अध्यक्ष होते. दोघांच्याही सचोटीवर त्यांच्या शत्रूनेही शंका घेतली नाही. मग भांडण खुर्चीचे होते असे कोण म्हणेल? काँग्रेसशी किती जवळीक करायची, बिगरकाँग्रेसवादासाठी जनसंघाशेजारी बसायचे की नाही, पिछड्यांना शेकडा साठ जागा द्यायच्या की नाही, हे खरे प्रश्न होते आणि ठराव करताना ते गालिच्याखाली सारले गेले होते. १९७१ मध्ये पुन्हा एकीकरण झाले आणि १९७७ मध्ये सगळेच जनता पक्षात विसर्जित.

मराठवाड्यात समाजवाद्यांची ताकद लहान होती पण ती होती. १९६७ मध्ये लातूरच्या विधानसभा मतदारसंघातून बापू काळदाते संयुक्त समाजवादी पक्षाचे आमदार झाले होते. १९७७ ला ते औरंगाबादहून जनता पक्षाचे खासदार झाले. पुढे दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. जनता पक्षात असताना संघाचे सदस्य राहता येते का, हा प्रश्न विलीनीकरणाच्या दिवशीच विचारायला हवा होता, तो दोन वर्षांनी विचारला गेला. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार गेले, एप्रिल १९८० मध्ये जनसंघाचे लोक भारतीय जनता पक्ष काढून बाहेर पडले. ते जाऊ शकले, कारण त्यांची शाखा दररोज संध्याकाळी भरत होती; तिने स्वतःला कशात विलीन केलेच नव्हते. समाजवाद्यांना परतायला घरच राहिले नव्हते. राष्ट्र सेवा दल आणि ‘साधना’ तेवढे पक्षाबाहेर होते म्हणून टिकले. आमच्याकडचा तालुक्याचा समाजवादी कार्यकर्ता जनता पक्ष, मग जनता दल असे बोर्ड बदलत गेला. १९८९ मध्ये नांदेडहून जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काबदे लोकसभेवर निवडून आले, त्या एका वाऱ्यात त्याला पुन्हा तरतरी आली. पण जनता दलाचेही पुढे तेच झाले. पाटी रंगवणाऱ्याचा तेवढा धंदा झाला.

एवढ्यावर थांबलो तर शेकापचा विजय झाला असे वाटेल. तसे नाही. वेगळे राहूनही शेकाप वाचला नाही आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९६७ मध्ये विधानसभेत त्याचे १९ आमदार होते. १९७८ मध्ये १३, १९९५ मध्ये ६, आणि २०१९ व २०२४ या दोन्ही निवडणुकांत प्रत्येकी एक. लोकसभेत १९७७ चे पाच, जानेवारी १९८० मध्ये शून्य. त्या वेळी ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसने नेल्या. या पक्षाला विलीनीकरणाचा रोग बाहेरून लागला नाही, तो आतून झिरपत राहिला. १९५० मध्ये दाभाडीला मार्क्सवाद-लेनिनवादाचा प्रबंध स्वीकारला; चार-पाच वर्षांत केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे संस्थापकच काँग्रेसमध्ये परतले. क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट झाले आणि १९६७ मध्ये आपल्या बीडमधून त्या पक्षाचे खासदार म्हणून गेले. एकेक माणूस, एकेक घराणे, एकेक साखर कारखाना विलीन होत गेला. ठराव न करता, अधिवेशन न भरवता झालेले हे विलीनीकरण. त्याच्यावर कधी वादळी चर्चा झाली नाही, म्हणून ते सर्वांत यशस्वी ठरले.

कंधारकडे पाहिले की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. केशवराव धोंडग्यांना लोक मन्याडचा वाघ म्हणत. विधानसभेत त्यांचा दबदबा, कंधारमध्ये शाळा-महाविद्यालयांची संस्था, ‘जयक्रांती’ साप्ताहिक आणि गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवण्याची अफलातून कल्पना. साहित्यातल्या माणसाने याची नोंद घेतली पाहिजे. आमच्या संमेलनांत मांडवाबाहेर उभा राहणाऱ्या माणसाला त्यांनी मांडवात बसवले. वयाची शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. पण त्यांच्या तालुक्यातही पक्ष हळूहळू एका माणसाच्या आवाजाएवढाच उरला होता. २०१९ मध्ये लोह्यातून श्यामसुंदर शिंदे शेकापच्या उमेदवारीवर निवडून आले. राज्यातला त्या वर्षीचा शेकापचा तो एकमेव आमदार. लाल झेंडा लोह्यात पुन्हा आला म्हणून जुन्या लोकांना आनंद झाला. मला त्या आनंदाचे कौतुक वाटले तरी मनात प्रश्न आलाच, की या मतांत पक्षाची किती आणि उमेदवाराची किती? पाच वर्षांनी, २०२४ ला, ही जागा राष्ट्रवादीच्या प्रतापराव पाटील चिखलीकरांकडे गेली. शेकापची एकुलती एक जागा सांगोल्यात निघाली.

आता थोडे माझ्या जुन्या धंद्याविषयी, कारण विलीनीकरण हा शब्द मी पहिल्यांदा गंभीरपणे ऐकला तो राजकारणात नव्हे, बँकेत. मराठवाड्याला बँकांची विलीनीकरणे नवी नाहीत. १९४१ साली निजामाच्या राज्यात निघालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विरून गेली. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पाटी बदलली, पासबुक बदलले, झाले. आत जे चालते ते वेगळेच. पहिला संघर्ष ज्येष्ठतेच्या यादीवर. त्या बँकेतला बारा वर्षांचा अधिकारी आणि या बँकेतला दहा वर्षांचा, यांत वरचा कोण? बदलीचे नियम कोणाचे? मग जुळणी. या शाखेने त्या शाखेवर टाकलेली नोंद तिकडे पोहोचली का? आणि ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ज्या नोंदीचा दुसरा पाय लागत नाही, ती उचंत खात्यात टाकायची. उचंत खाते म्हणजे हिशेबातली अडगळीची खोली. तिथे गेलेली नोंद वर्षानुवर्षे तिथेच राहते आणि तपासनीस आला की सगळ्यांना घाम फुटतो.

तरीही बँकांचे विलीनीकरण तडीस जाते, कारण त्याला चार आधार असतात. दोन्हीकडचे ताळेबंद लेखापरीक्षकाने तपासलेले असतात. कर्जदार आणि ठेवीदार यांची यादी असते. कर्मचाऱ्याच्या सेवाशर्तींना कायद्याचे संरक्षण असते. आणि वर एक नियामक असतो, जो म्हणतो की भांडण संपवा आणि सोमवारी दार उघडा. राजकीय पक्षाकडे यांतले काय असते? सभासदांची यादी विचारली तर कपाट शोधावे लागते. अंतर्गत निवडणूक कधी झाली ते कोणाला आठवत नाही. त्यामुळे विलीनीकरणात वरच्या दहा-वीस जणांची ज्येष्ठता यादी तेवढी लागते, तीही रात्री दोन वाजेपर्यंत चाललेल्या घासाघिशीनंतर. बाकी सगळे कार्यकर्ते उचंत खात्यात. देगलूरचा किंवा निलंग्याचा माणूस दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचतो, की काल रात्रीपासून आपला पक्ष नाही.

हे सर्वांत वेदनेने कोणी भोगले असेल तर रिपब्लिकन चळवळीने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष त्यांच्या पश्चात ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला स्थापन झाला. दोन वर्षांत दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट झाले; एका गटाने स्वतःला दुरुस्त म्हणवले म्हणून दुसरा आपोआप नादुरुस्त. वरवर हसू येते. पण त्या वादाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न होता : हा पक्ष केवळ बौद्धांचा की सर्व भूमिहीनांचा? दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले तेव्हा मराठवाड्यातल्या गावागावांतून माणसे तुरुंगात गेली. त्यानंतरही फुटी होत राहिल्या आणि प्रत्येक फुटीनंतर ऐक्याची हाक आली.

ही हाक मराठवाड्यातून सर्वांत आर्त येते याला कारण आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आमच्या भागात जाळपोळ सुरू झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. मुंबईत एका व्यासपीठावर बसणाऱ्या पुरोगामी पक्षांचे गावोगावचे कार्यकर्ते त्या आठवड्यात कुठे होते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. त्यांतले काही दलितवस्तीच्या रक्षणाला उभे राहिले. काही घरात दार लावून बसले. काही दगड मारणाऱ्यांत होते. शेतकऱ्याचा पक्ष आणि शेतमजुराचा पक्ष यांनी एक व्हावे असे म्हणणे सोपे आहे. गावात एकाचे शेत आणि दुसऱ्याची मजुरी, एकाचा पाणवठा आणि दुसऱ्याचा तहानलेला घसा, हे नाते असते. ते बदलण्यासाठी काही न करता वर करार झाला, तर तो पहिल्या ठिणगीला जळतो. नामांतराला पुढे सोळा वर्षे लागली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. इतके सोसलेल्या समाजाने नेत्यांना सांगावे, की तुम्ही एक व्हा, यात नवल काय?

१९९५ च्या पराभवानंतर हा रेटा इतका वाढला की नेत्यांना एकत्र बसावेच लागले. त्याचे फळही मिळाले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसशी युती करून प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून निवडून आले. चारही जागा राखीव नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर असे घडले नव्हते. पुढची निवडणूक दीड वर्षात आली, तोवर चौघांच्या चार वाटा झाल्या होत्या. माझ्या मते हे ऐक्य नेत्यांच्या मोहामुळे तुटले, पण त्याआधी ते चुकीच्या जागी बांधले गेले होते. मागणी वस्तीतून आली आणि इमारत मात्र गच्चीपासून बांधायला घेतली. सामूहिक नेतृत्वात कोण बसणार हे ठरले. मुखेडच्या चार गटांच्या चार शाखांची एक शाखा कशी करायची, तिचा अध्यक्ष कोणी निवडायचा, हे कोणी ठरवले नाही. निवडणुकीतल्या जागा हाच सांधा होता, जागावाटपाची वेळ आली तिथेच तो निखळला.

यावर कोणी म्हणेल, हे सारे खरे असेल, पण मतांची बेरीज तर नाकारता येत नाही ना? २०१९ ची लोकसभा घ्या. नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजार मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला एक लाख साठ हजारांहून अधिक मते मिळाली. लगेच गणित मांडले गेले. त्याच दिवशी शेजारच्या लातुरात भाजपचे मताधिक्य पावणेतीन लाखांहून अधिक होते. तिथे वंचितची लाखभर मते काँग्रेसमध्ये मिळवली तरी निकाल हलत नव्हता. आणि २०२४ मध्ये नांदेडला वंचितचा उमेदवार रिंगणात असूनही काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९ हजारांनी निवडून आले. मत ही काही मुदतठेव नव्हे, की नेत्याने पावतीवर सही केली आणि दुसऱ्याच्या खात्यात वर्ग झाली. ज्या मतदाराने वंचितला मत दिले, त्यातल्या अनेकांनी ते काँग्रेसला द्यायचे नाही म्हणूनच दिले असणार. तो पर्यायच काढून घेतला तर तो काँग्रेसकडे जाईल, की घरी बसेल, की रागाने तिसरीकडे वळेल, हे बेरीज करणाऱ्याला सांगता येत नाही. स्वतः वंचितही एका विलीनीकरणातून उभी राहिली. भारिप बहुजन महासंघ २०१९ मध्ये तिच्यात विसर्जित झाला. अकोल्यातल्या ज्या कार्यकर्त्याने भारिपचे नाव घेऊन जिल्हा परिषदा लढवल्या, त्याला ते सोडताना काय वाटले असेल याची मला कल्पना करता येते.

आता कायद्याने या शब्दाला आणखी एक वळण दिले आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदारांची फूट चालत असे. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली आणि दहाव्या परिशिष्टात उरले ते विलीनीकरण, तेही विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी मान्य केले तर. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की विलीनीकरण हा शब्द पक्षाच्या अधिवेशनातून उठून आमदारांच्या हॉटेलात राहायला गेला. मार्च २०१९ मध्ये गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघांनी मध्यरात्री विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केला. तीनातले दोन, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. (या पक्षाचा जन्मच गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या मागणीतून झाला होता आणि १९६७ च्या जनमत कौलात ती मागणी हरली. काही शब्द पक्षांचा पिच्छा सोडत नाहीत.) मगोप संपला नाही, २०२२ ला त्याचे दोन आमदार पुन्हा निवडून आले. पण आकड्याचा अर्थ लक्षात घ्या. ज्या पक्षाचा सभागृहात एकच आमदार आहे, तिथे तो एकटाच दोन तृतीयांशांहून अधिक भरतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या पक्षाचे सभागृहातले अस्तित्व एका सहीवर येऊन ठेपते. अशा काळात छोट्या पक्षाच्या कार्यकर्त्याने विलीनीकरणाचा प्रस्ताव ऐकून आधी दचकावे आणि मग विचार करावा, हे मला अगदी शहाणपणाचे वाटते.

मग छोट्यांनी सुटे-सुटे राहून मरावे काय? मी तसे म्हणत नाही. महाराष्ट्राने दुसरा एक प्रयोग केलेला आहे. १९५६ ची संयुक्त महाराष्ट्र समिती. त्यात प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष होते. कोणी कोणात विलीन झाले नाही. मागणी एक, उमेदवार एक, सरचिटणीस एस. एम. जोशी. १९५७ मध्ये त्या समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजले आणि तीन वर्षांत राज्य मिळवले. राज्य मिळताच समिती विस्कटली हे खरे, पण तिने कोणाचे घर मोडले नाही. शेकाप शेकापच राहिला आणि फेडरेशनचा रिपब्लिकन पक्ष झाला. आमच्या भागात पीकविम्याचा प्रश्न आहे, सोयाबीनच्या भावाचा आहे, गावोगावच्या मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांनी बायकांचा जीव नकोसा झाला आहे, लातूरने २०१६ मध्ये रेल्वेने पाणी प्यायले आहे. यांतल्या एकेका प्रश्नावर तीन-चार पक्षांची तालुका समिती होऊ शकते. ती दोन वर्षे टिकली, तिने एकत्र मोर्चे काढले, एकत्र मार खाल्ला, एकमेकांच्या वस्तीत जेवली, तर पुढे पक्ष एक करायचे की नाही हे त्या माणसांना आपोआप कळेल. न टिकली तर निदान अधिवेशनाचा मांडव घालायचा खर्च वाचेल.

आणि ज्यांना विलीनीकरणच करायचे आहे त्यांनी ते बँकेसारखे करावे. दोन्ही पक्षांनी आपली सभासद यादी टेबलावर ठेवावी, लाज वाटेल एवढी लहान असली तरी. कोणत्या प्रश्नांवर आपले पटत नाही याचा कागद आधी लिहावा. १९७७ मध्ये तो लिहिला असता तर दुहेरी सदस्यत्वाचे भांडण दोन वर्षे लांबले नसते. तालुका समित्या आधी एक कराव्यात, प्रदेश समिती शेवटी. सभासदांचे मत चिठ्ठीने घ्यावे. ज्यांना यायचे नाही त्यांना जुने नाव आणि झेंडा घेऊन सन्मानाने वेगळे राहू द्यावे, त्यांना गद्दार म्हणू नये. पुढच्या ऐक्य परिषदेचे निमंत्रण काढणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. कंधार, देगलूर, मुखेड, अहमदपूर, निलंगा इथले दोन-दोन कार्यकर्ते व्यासपीठावर बसवा आणि त्यांना सकाळच्या सत्रात बोलू द्या. नेत्यांची भाषणे जेवणानंतर ठेवली तरी चालतील.